वाढीचा हुकूम ऐकणारी पेशी

पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, सिंधू नदीच्या काठच्या काही खेड्यांत, पिढ्यान् पिढ्या नात्यातच लग्ने होत आलेली एक मोठी भावकी आहे. तिच्यातली काही माणसे फार ठेंगणी राहतात. डॉ. हीरालाल माहेश्वरी, गेरहार्ड बाउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये अशा 18 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या पुरुषांची सरासरी उंची सुमारे 130 सेंटिमीटर होती, म्हणजे आपल्याकडच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढी. हात, पाय, धड, डोके, सगळे एकमेकांच्या प्रमाणात. बुद्धीत काहीही उणे नाही. जन्माच्या वेळी या मुलांकडे पाहून कोणाला शंकाही आली नसती. पण वर्षामागून वर्षे गेली, बरोबरीची मुले वाढत राहिली आणि ही मागे पडत गेली.

त्यांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन, म्हणजे वाढीचे संप्रेरक, जवळजवळ नव्हते. चाचणीची औषधे देऊनही ते वाढले नाही. अशा वेळी पहिला संशय जातो तो हे संप्रेरक बनवण्याच्या जनुकावर. ते शाबूत होते. बिघाड निघाला तिसऱ्याच ठिकाणी. मेंदूकडून आलेला ‘आता सोड’ हा हुकूम पेशीच्या पृष्ठभागावर पकडणारे एक प्रथिन या माणसांत तयारच होत नव्हते. 423 अमिनो आम्लांची ती साखळी 72 व्या जागी तुटत होती, आणि तीही जनुकातले एक अक्षर बदलल्यामुळे. हुकूम देणारा होता, हुकूम पाळणारी पेशीही होती. ऐकणारा तेवढा नव्हता.

पेशीच्या पटलावर बसून बाहेरचा रेणू पकडणाऱ्या या प्रथिनांना रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. माणसाच्या वाढीबद्दल बोलताना आपण नेहमी संप्रेरक ‘कमी’ की ‘जास्त’ एवढेच विचारतो. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. किती संप्रेरक कधी सुटणार, हे पिट्युटरीच्या पेशीवर कोणते ग्राही आहेत आणि त्या घडीला त्यांतला कोणता वरचढ आहे, यावर ठरते.

पिट्युटरी ही ग्रंथी नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते. वजन सुमारे अर्धा ग्रॅम. तिच्या पुढच्या भागातल्या पेशींपैकी जवळजवळ निम्म्या पेशी एकच काम करतात: 191 अमिनो आम्लांचे ग्रोथ हार्मोन बनवायचे, सूक्ष्म कणिकांत भरून ठेवायचे आणि वेळ आली की रक्तात सोडायचे. या पेशींना सोमॅटोट्रॉफ म्हणतात. ग्रंथीच्या वर लगेचच मेंदूचा हायपोथॅलॅमस हा भाग आहे, आणि दोघांना जोडणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचे एक खास जाळे आहे. हायपोथॅलॅमसने सोडलेले रेणू शरीरभर फिरून पातळ होण्याआधीच या जाळ्यातून थेट पिट्युटरीवर पोहोचतात. म्हणूनच ते अत्यल्प प्रमाणात असले तरी भागते, आणि म्हणूनच ते शोधून काढायला शास्त्रज्ञांना इतका घाम गाळावा लागला.

त्या शोधाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गिलमाँ यांचा गट मेंढ्यांच्या मेंदूतून ग्रोथ हार्मोन सोडायला लावणारा रेणू शोधत होता. त्यासाठी लाखो मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस गोळा केले गेले. पण तो अर्क पिट्युटरीच्या पेशींवर टाकला की ग्रोथ हार्मोन वाढण्याऐवजी कमी व्हायचे. गटातल्या पॉल ब्राझो यांनी हे नजरेआड केले नाही. या उलट्या परिणामाचाच माग काढत 1973 मध्ये 14 अमिनो आम्लांचा एक रेणू हाती लागला: सोमॅटोस्टॅटिन. शोधायला गेले होते हुकूम, सापडली मनाई. मेंदूतल्या पेप्टाइड संप्रेरकांवरच्या कामासाठी गिलमाँ आणि त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी अँड्र्यू शॅली यांना 1977 चे नोबेल विभागून मिळाले, तेव्हाही खरा हुकूम देणारा रेणू सापडलेला नव्हताच.

तो सापडला मेंदूत नव्हे, स्वादुपिंडात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात डॉ. मायकेल थॉर्नर यांच्याकडे एक तरुणी आली होती. हातपाय आणि चेहरा मोठा होत जाणारा अॅक्रोमेगाली हा विकार तिला होता. अशा रुग्णांच्या पिट्युटरीत सहसा गाठ असते. हिच्या पिट्युटरीवर शस्त्रक्रिया झाली, पण तिथे गाठ नव्हती. सोमॅटोट्रॉफ पेशींची नुसतीच दाटी झालेली होती. कोणीतरी दुरून त्यांना सतत चेतवत होते. तपासात स्वादुपिंडात एक गाठ निघाली. ती काढली आणि ग्रोथ हार्मोन खाली आले. त्या गाठीतून वायली व्हेल आणि जाँ रिव्हिए या शास्त्रज्ञांनी, आणि फ्रान्समधल्या दुसऱ्या एका रुग्णाच्या तशाच गाठीतून गिलमाँच्या गटाने, 1982 मध्ये हवा असलेला रेणू वेगळा केला. त्याला जीएचआरएच म्हणतात: ग्रोथ हार्मोन सोडायला लावणारे संप्रेरक. पाहणाऱ्याची नजर तयार असेल तर एकच रुग्ण दशकांचा पेच कसा सोडवतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता पेशीकडे वळू. जीएचआरएचचा ग्राही पेशीपटलातून सात वेळा आतबाहेर विणलेला असतो. त्याचे एक टोक बाहेर लोंबते आणि तेच जीएचआरएचला पहिल्यांदा धरते. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत ‘लिटल’ नावाची खुज्या उंदरांची एक जात आहे. 1993 मध्ये कळले की त्यांच्या ग्राहीच्या याच बाहेरच्या टोकावर 60 व्या जागचे एक अमिनो आम्ल बदललेले आहे. ग्राही पटलावर येतो, पण जीएचआरएच त्याला चिकटतच नाही. सिंधमधल्या माणसांत ग्राहीच नाही, या उंदरांत तो आहे पण बहिरा. वाढीच्या दृष्टीने फळ एकच.

ग्राही नीट असेल तर पुढचे काम झटपट होते. जीएचआरएच चिकटले की ग्राहीचा आकार किंचित बदलतो आणि त्याच्या आतल्या अंगाला टेकलेले ‘जीएस’ नावाचे प्रथिन जागे होते. ते एका विकराला चेतवते, विकर सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू भराभर बनवते, आणि त्याच्यामुळे पेशीपटलातल्या कॅल्शिअमच्या वाटा उघडतात. कॅल्शिअम आत शिरले की भरून ठेवलेल्या कणिका पटलाला भिडतात आणि ग्रोथ हार्मोन बाहेर पडते. हे सारे काही मिनिटांत. त्याच वेळी तोच सायक्लिक एएमपी पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप धाडतो: नवा साठा बनवा, नवे ग्राही बनवा, गरज असेल तर पेशींची संख्या वाढवा. हे काम तासांचे आणि दिवसांचे आहे. म्हणूनच हा ग्राही जन्मजात नसलेल्या रुग्णांच्या एमआरआयमध्ये पिट्युटरीचा पुढचा भागच लहान दिसतो. हुकूम न मिळालेल्या पेशी नुसत्या गप्प बसत नाहीत, त्या पुरेशा संख्येने तयारच होत नाहीत.

सोमॅटोस्टॅटिनचे ग्राही पाच प्रकारचे असतात. सोमॅटोट्रॉफवर त्यांतले दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकाचे महत्त्वाचे. त्यांची रचनाही सात फेऱ्यांचीच, पण ते आत ज्या प्रथिनाला हलवतात त्याचे काम नेमके उलटे: सायक्लिक एएमपी कमी करा, पोटॅशिअमच्या वाटा उघडा, कॅल्शिअमच्या बंद करा. म्हणजे दोन विरुद्ध ग्राही एकाच पेशीवर, सायक्लिक एएमपी या एकाच रेणूच्या प्रमाणावरून एकमेकांशी झगडत असतात.

इथे एक बारकावा आहे आणि सगळी गंमत त्यातच आहे. सोमॅटोस्टॅटिन ग्रोथ हार्मोन सोडणे थांबवते, बनवणे मात्र फारसे थांबवत नाही. कोयना धरणाचे दरवाजे बंद असताना पाणलोटातून येवा चालूच राहावा, तसा पेशीतला साठा वाढत जातो. मग हायपोथॅलॅमस सोमॅटोस्टॅटिनचा हात आखडता घेतो, जीएचआरएच वाढते आणि साठलेले संप्रेरक एकदम लोटते. म्हणून रक्तातले ग्रोथ हार्मोन दिवसभर एका पातळीवर नसते. ते लाटांनी येते. मधल्या काळात इतके कमी असते की जुन्या यंत्रांना सापडतही नसे. सर्वांत मोठी लाट येते ती रात्री, झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ टप्प्यात. रक्तात आलेले संप्रेरकही टिकते थोडे. साधारण 20 मिनिटांत ते निम्मे होते.

मूल वाढत नाही म्हणून काळजीने एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन ‘ग्रोथ हार्मोन’ अशी एकच चाचणी करून घेणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे. दुपारी बारा वाजता घेतलेल्या रक्तात ते शून्याजवळ आले तर त्याचा अर्थ फक्त एवढाच की तेव्हा लाट आलेली नव्हती. म्हणून डॉक्टर मुद्दाम लाट उठवतात. बालरुग्ण विभागात हे काम असे चालते: मूल सकाळी उपाशीपोटी येते, हाताला सुई लावून ठेवतात म्हणजे पुन्हा पुन्हा टोचायला नको. पहिले रक्त घेतात आणि क्लोनिडीनची गोळी देतात. हे मुळात रक्तदाबाचे औषध, पण ते हायपोथॅलॅमसला जीएचआरएच सोडायला लावते. मग दर अर्ध्या तासाने रक्त. मूल पेंगुळते, आईच्या मांडीवर डोके टाकून झोपी जाते. रक्तदाब उतरत नाही ना, याकडे परिचारिकेचे लक्ष असते. दीड-दोन तासांनी चार-पाच नळ्या भरलेल्या असतात आणि त्यांतला सर्वांत वरचा आकडा मोलाचा असतो. आर्जिनिन हे अमिनो आम्ल देऊन दुसरी चाचणी करतात. ते सोमॅटोस्टॅटिनचा दाब कमी करते. एका चाचणीत हुकूम वाढवायचा, दुसरीत मनाई उठवायची. दोन्हींत तपासले जाते ते पेशीचे उत्तर.

तिसरा ग्राही या गोष्टीत उशिरा आला, आणि उलट्या वाटेने. अमेरिकेत सिरिल बॉवर्स यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात काही कृत्रिम पेप्टाइडे बनवली. ती ग्रोथ हार्मोन सोडवत, पण जीएचआरएचच्या ग्राहीला हात न लावता. म्हणजे पेशीवर आणखी एक ग्राही असणार. तो 1996 मध्ये सापडला. पण शरीर स्वतः जो रेणू त्या ग्राहीसाठी बनवत असेल तो कुठे? 1999 मध्ये जपानच्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी तो शोधला, उंदराच्या जठरात. 28 अमिनो आम्लांच्या या संप्रेरकाचे नाव घ्रेलिन. त्याच्या तिसऱ्या अमिनो आम्लाला एक स्निग्धाम्ल जोडलेले असावे लागते, नाहीतर ग्राही त्याला ओळखत नाही. या ग्राहीची आतली वाट वेगळी आहे. तो पेशीच्या पोटात साठवलेले कॅल्शिअम मोकळे करतो. म्हणून जीएचआरएच आणि घ्रेलिन एकत्र आले की ग्रोथ हार्मोनची लाट दोघांच्या बेरजेपेक्षाही मोठी उठते. मात्र जीएचआरएचचा ग्राही जन्मतः नसेल, तर घ्रेलिनसारखी पेप्टाइडे देऊनही फारसे काही होत नाही. मूळ हुकूम जीएचआरएचचाच.

मग पोटाला पिट्युटरीशी बोलण्याचे कारण काय? घ्रेलिन नसलेले उंदीर जवळपास नेहमीसारखेच वाढतात, त्यामुळे हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये त्यावर प्रकाश टाकला. घ्रेलिनला स्निग्धाम्ल जोडणारे विकर नसलेल्या उंदरांना त्यांनी नेहमीच्या 40 टक्केच अन्न दिले. साधे उंदीर रोडावले, पण तगले. या उंदरांची रक्तशर्करा आठवड्याभरात इतकी घसरली की ते मरणपंथाला लागले. घ्रेलिन किंवा ग्रोथ हार्मोन दिले की ते वाचत. म्हणजे उपासमारीत हे संप्रेरक उंची वाढवण्यासाठी सोडले जात नाही. ते चरबी जाळून रक्तातली साखर राखण्यासाठी सोडले जाते.

महाराष्ट्रात हे ध्यानात ठेवण्याची विशेष गरज आहे. कुपोषित मुलाच्या रक्तात ग्रोथ हार्मोन पुष्कळदा कमी नसते, चढलेले असते. खाली असते ते आयजीएफ-1. ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून यकृत ते बनवते आणि हाडांची वाढ बऱ्याच अंशी तेच घडवते. अन्न नसेल तर यकृत ग्रोथ हार्मोनचे ऐकेनासे होते. आयजीएफ-1 घटले की पिट्युटरीवरचा त्याचा चापही सैल होतो आणि ग्रोथ हार्मोन आणखी चढते. मेळघाटातल्या खुरटलेल्या मुलाला हवे आहे ते अन्न, स्वच्छ पाणी आणि वारंवारच्या जुलाबांवर उपचार. त्याची पिट्युटरी आपले काम चोख करते आहे.

आता उलट बाजू. ग्राही नसला तर वाढ खुंटते. मग हुकूम थांबतच नसेल तर? अॅक्रोमेगालीच्या बहुतेक रुग्णांत पिट्युटरीत सोमॅटोट्रॉफ पेशींची गाठ असते. 1989 मध्ये अमेरिकी आणि इटालियन संशोधकांनी दाखवले की अशा सुमारे 40 टक्के गाठींत त्या जीएस प्रथिनात एक बदल झालेला असतो, बहुधा 201 व्या जागच्या आर्जिनिनमध्ये. एरवी हे प्रथिन जागे झाल्यावर थोड्या वेळात स्वतःच शांत होते, आणि त्यासाठी त्याला हेच आर्जिनिन लागते. ते बदलले की प्रथिन जागेच राहते. बाहेर जीएचआरएच असो वा नसो, पेशी हुकूम आल्यासारखी वागत राहते. कॉलऱ्याच्या जंतूचे विषही याच आर्जिनिनवर घाला घालते, फक्त आतड्याच्या पेशीत. तिथे सायक्लिक एएमपी वाढून शरीरातले पाणी आतड्यात लोटते. ते विष असते हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये सिद्ध केले होते. कॉलरा आणि राक्षसी वाढ यांच्या मुळाशी एकाच प्रथिनावरची एकच जागा असावी, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

अशा गाठींवर पहिला उपाय शस्त्रक्रिया, नाकाच्या वाटेने. ती पुरेशी नसेल तर औषधे सोमॅटोस्टॅटिनच्या ग्राहींचाच आधार घेतात. मूळ सोमॅटोस्टॅटिन दोन-तीन मिनिटांत नष्ट होते, त्यामुळे औषध म्हणून निरुपयोगी. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी 14 पैकी गरजेचा गाभा ठेवून 8 अमिनो आम्लांचे ऑक्ट्रिओटाइड बनवले. ते दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहीला घट्ट धरते आणि आता महिन्यातून एकदा टोचता येते. नंतर आलेले पॅसिरिओटाइड पाचव्या ग्राहीलाही चांगले धरते. पण तो ग्राही इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवरही आहे, म्हणून अनेक रुग्णांची साखर वाढते. एका पेशीवर नेम धरून मारलेले औषध तोच ग्राही असलेल्या दुसऱ्या पेशीलाही लागते. मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात डॉक्टरांना हे तोलूनच पावले टाकावी लागतात.

व्यायामशाळांत घ्रेलिनच्या ग्राहीला चेतवणारी पेप्टाइडे आणि गोळ्या ‘नैसर्गिक वाढ’ म्हणून हातोहात विकल्या जातात. खेळाडूंना त्या वापरण्यास जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेची बंदी आहे. वाढ पूर्ण झालेल्या तरुणाची उंची त्यांनी तसूभरही वाढत नाही, साखर मात्र बिघडू शकते. त्यांच्या वाटेला जाऊ नये, एवढेच मी सांगेन.

सिंधमध्ये सापडलेला तो एका अक्षराचा बदल सिंधपुरता नाही. माणसातला असा पहिला दोष 1996 मध्ये एका भारतीय मुस्लिम कुटुंबात नोंदला गेला होता, तो हाच. 2005 मध्ये मुंबईच्या डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या, एकाच घरातल्या अनेकांची वाढ खुंटलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा त्या मुलांतही जीएचआरएचच्या ग्राहीत दोष आढळला. दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली तरच हा विकार होतो, म्हणून नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत तो जास्त दिसतो. यात गरोदरपणातल्या आईच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा किंवा कोणाच्या दृष्टीचा काडीमात्र संबंध नाही.

आणि या मुलांवर इलाज आहे. त्यांच्या हाडांतले आणि यकृतातले ग्रोथ हार्मोनचे ग्राही ठणठणीत असतात. उणीव फक्त पिट्युटरीपाशी. बाहेरून ग्रोथ हार्मोन टोचले की ती झपाट्याने वाढू लागतात. हे इंजेक्शन महाग आहे आणि वर्षानुवर्षे घ्यावे लागते, म्हणून ज्यांना खरी गरज आहे अशांना सरकारी रुग्णालयांतून ते मोफत मिळाले पाहिजे. आपल्या घरातल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी भिंतीला पाठ लावून, पायात चप्पल-बूट न ठेवता मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. चार वर्षांनंतर, वयात येण्यापूर्वी, मूल वर्षाला 5 सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल, तर पावडरींच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. बालरोगतज्ज्ञांना तो कागद दाखवा आणि संप्रेरकतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. हाडांची टोके एकदा जुळली की कोणतेही इंजेक्शन उंची वाढवू शकत नाही.